ब्रेन्टक्सिमॅब व्हेडोटिन: मुलांच्या हॉजकिन लिम्फोमात हे औषध काय वाचवतं आणि काय वाचवत नाही

मुलांच्या हॉजकिन लिम्फोमात (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) आजार बरा होणं ही आता सर्वांत मोठी अडचण राहिलेली नाही. नीट उपचार मिळालेल्या दहापैकी नऊहून अधिक मुलं बरी होतात. अडचण त्यानंतर सुरू होते. बाराव्या वर्षी बरं झालेलं मूल चाळिशीत पोचेल तेव्हा त्याचं हृदय किती ताकदीनं चालेल, जिना चढताना दम लागेल का, त्याला मूल होईल का, आणि मुलगी असेल तर तिला स्तनाचा कॅन्सर गाठेल का, यावर त्या उपचाराची खरी पारख होते. म्हणून ब्रेन्टक्सिमॅब व्हेडोटिनचं (बाजारातलं नाव अ‍ॅडसेट्रिस) परीक्षण करताना आम्ही एकाच गोष्टीवर जास्तीत जास्त भर दिला आहे: हे औषध आल्यामुळे जुन्या उपचारातलं नेमकं काय बाहेर पडलं? सगळं जुनं तसंच ठेवून वर आणखी एक औषध चढवलं आणि निकाल सुधारला, तर मुलाच्या शरीरावरचा बोजा वाढलेलाच असतो.

आधी औषधाची रचना. हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीत खऱ्या कॅन्सरपेशी थोड्या असतात, बाकी गर्दी शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशींची. त्या थोड्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी३० नावाचं प्रथिन भरपूर असतं. ब्रेन्टक्सिमॅब हे सीडी३० ओळखणारं प्रतिपिंड. त्याला एका रासायनिक दुव्यानं एमएमएई हे विष जोडलेलं असतं. प्रतिपिंड पेशीला चिकटलं की पेशी ते आत ओढून घेते, आतली विकरं तो दुवा तोडतात, विष मोकळं होतं आणि पेशीविभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिका मोडतात. विष मुख्यतः गाठीतच सुटावं असा हा बेत आहे, आणि तो बऱ्याच अंशी साधतो. पूर्ण साधत नाही. थोडं विष बाहेर गळतं आणि नसांना लागतं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

मोठ्या माणसांमधल्या उलटलेल्या, म्हणजे परतून आलेल्या आजारासाठी अमेरिकेत या औषधाला ऑगस्ट २०११ मध्ये परवानगी मिळाली. मुलांसाठी, म्हणजे २ वर्षांपासून पुढे, आधी उपचार न झालेल्या जास्त जोखमीच्या हॉजकिनमध्ये केमोच्या जोडीनं वापरायची परवानगी १० नोव्हेंबर २०२२ रोजी आली. ज्या चाचणीवर ती उभी आहे तिच्यात जास्त जोखीम म्हणजे मोठ्या गाठीसह टप्पा २बी, किंवा ३बी, ४ए, ४बी. यातल्या ‘बी’चा अर्थ ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी, कारण इथे गल्लत होते. हॉजकिनचा एक वेगळा, संथ प्रकार असतो, ज्यात लिम्फोसाइट पेशींचं प्राबल्य असतं. त्यातल्या कॅन्सरपेशींवर सीडी२० असतं, सीडी३० सहसा नसतं. तिथे हे औषध देण्यात अर्थ नाही. उलट त्या प्रकारात एकच गाठ असेल आणि शस्त्रक्रियेनं ती पूर्ण निघाली असेल, तर पुढे केमोही न देता नुसती नजर ठेवणं हा अभ्यासून पाहिलेला पर्याय आहे. बालकर्करोगतज्ज्ञांच्या अमेरिकी गटानं केलेल्या अशा अभ्यासात पाच वर्षांत सुमारे तीन चतुर्थांश मुलांना आणखी काहीच द्यावं लागलं नाही, आणि ज्यांचा आजार परतला त्यांनाही बेताच्या उपचारानं सावरता आलं. बायॉप्सीच्या अहवालात सीडी३०, सीडी२० आणि सीडी१५ यांचे निकाल स्वतंत्र लिहिलेले आहेत का, ते उपचार ठरण्याआधी पाहून घ्या.

आता जुना हिशेब, कारण त्याशिवाय नव्या औषधाचं मोल कळत नाही. १९६० च्या दशकात आलेल्या मॉप या चार औषधांच्या मिश्रणानं हॉजकिन बरा होऊ लागला, पण त्यातल्या नायट्रोजन मस्टर्ड आणि प्रोकार्बाझीननं बहुतेक मुलग्यांची प्रजननक्षमता गेली आणि काहींना काही वर्षांनी रक्ताचा कॅन्सर झाला. जोडीला मानेपासून छातीपर्यंत ३५ ते ४४ ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) रेडिएशन. वाढत्या वयातल्या हाडांची वाढ खुंटली, खांदे अरुंद राहिले, थायरॉइड निकामी झाली. लहानपणी हॉजकिनसाठी छातीवर रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांचा उत्तर अमेरिकेत दीर्घकाळ मागोवा घेतला गेला, तेव्हा पन्नाशीपर्यंत सुमारे ३५ टक्के जणींना स्तनाचा कॅन्सर झालेला आढळला. बीआरसीए१ जनुकात दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रियांइतकाच हा धोका आहे. १९७० च्या दशकात मिलानहून एबीव्हीडी हे मिश्रण आलं. त्यानं प्रजननक्षमता बरीचशी वाचली, पण डॉक्सोरुबिसिननं हृदयाला आणि ब्लिओमायसिननं फुप्फुसाला गाठलं. पुढची चाळीस वर्षं मुलांचे डॉक्टर हीच औषधं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून एकेका अवयवावरचा भार हलका करत राहिले.

या पार्श्वभूमीवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहायची. एका गटाला नेहमीचं मिश्रण एबीव्हीई-पीसी, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, विन्क्रिस्टीन, एटोपोसाइड, प्रेडनिसोन आणि सायक्लोफॉस्फमाइड. दुसऱ्या गटात ब्लिओमायसिन काढलं, विन्क्रिस्टीनचा पहिल्या दिवसाचा डोस काढला, आठव्या दिवसाचा ठेवला, आणि पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोला १.८ मिलिग्रॅम ब्रेन्टक्सिमॅब दिलं. दर २१ दिवसांनी एक अशा ५ सायकल. तीन वर्षांनी आजार न उलटता राहिलेली मुलं: नव्या गटात ९२.१ टक्के, जुन्यात ८२.५. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे ९८ टक्क्यांच्या वर.

जगण्याचा आकडा जवळपास सारखा असेल तर मग मिळवलं काय, असं कोणी विचारेल. उत्तर उलटलेल्या हॉजकिनच्या दुसऱ्या उपचारात आहे. आजार उलटला की पुन्हा तीव्र केमो, अनेकदा स्वतःच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण, पुन्हा रेडिएशन. प्रजननक्षमता आणि हृदय यांचं जे नुकसान पहिल्या फेरीत टळलं होतं, ते दुसऱ्या फेरीत होतं. शंभरातल्या नऊ-दहा मुलांची ही दुसरी फेरी टळणं हा या औषधाचा सगळ्यात मोठा लाभ आहे, आणि तो आम्ही पूर्ण मनानं मान्य करतो.

ब्लिओमायसिन बाहेर गेलं हा दुसरा लाभ. फुप्फुस जाड आणि कडक करणारं हे औषध वर्षानुवर्षं मागे लागतं. ते घेतलेल्या माणसाला पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर जास्त प्राणवायू देताना सावध राहावं लागतं. ब्रेन्टक्सिमॅबसोबत ते देणं तर निषिद्धच आहे, कारण दोन्ही एकत्र दिल्यावर मोठ्या माणसांत फुप्फुसाची गंभीर सूज झाली होती. जुन्या छापील तक्त्यावरून केमो लिहिताना ब्लिओमायसिनची ओळ न खोडता तशीच ठेवणं ही जीवघेणी चूक ठरू शकते. पहिल्या सायकलच्या आधी औषधांची यादी एकदा याच डोळ्यानं वाचावी.

जे बाहेर गेलं नाही

आमची नाराजी इथे आहे. या मिश्रणात प्रत्येक सायकलला शरीराच्या दर चौरस मीटरला डॉक्सोरुबिसिन २५ मिलिग्रॅम दोन दिवस जातं, म्हणजे ५० गुणिले ५, एकूण २५०. मुलांच्या हृदयाच्या दीर्घकालीन तपासणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शनात २५० आणि त्यावरचा आकडा हा जास्त धोक्याच्या गटात मोडतो. म्हणजे ब्रेन्टक्सिमॅब घेऊन बरं झालेलं मूल बरोबर त्या उंबरठ्यावर उभं राहतं. सायक्लोफॉस्फमाइड ६०० मिलिग्रॅम दोन दिवस, ५ सायकलचे ६,०००. मुलग्यांमध्ये ४,००० च्या खाली शुक्राणू बहुधा टिकतात, वर गेल्यावर शाश्वती कमी होत जाते. एटोपोसाइड तसंच राहिलं, त्यासोबत उपचारानंतरच्या पहिल्या काही वर्षांत येणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचा लहानसा धोकाही. आणि रेडिएशन? ते निम्म्याहून अधिक मुलांना द्यावंच लागलं. नवं औषध आल्यावर रेडिएशन मोठ्या प्रमाणात कमी होईल अशी जी आशा होती, ती या चाचणीच्या नियमांमुळे पुरी झाली नाही. छातीत मोठी गाठ असलेल्या मुलांना प्रतिसाद चांगला असला तरी रेडिएशन ठरलेलंच होतं.

याच औषधाचा दुसरा वापर आम्हाला जास्त आवडतो. अमेरिकेतल्या काही संस्थांनी मिळून ओईपीए-कॉपडॅक या युरोपीय पद्धतीच्या केमोच्या मिश्रणातलं विन्क्रिस्टीन पूर्ण काढलं आणि तिथे ब्रेन्टक्सिमॅब १.२ मिलिग्रॅम प्रति किलो या डोसनं बसवलं. दोन सायकलनंतर ज्या गाठींनी पूर्ण प्रतिसाद दिला नाही, फक्त त्यांनाच २५.५ ग्रे रेडिएशन. ७७ मुलांपैकी ३५ टक्के मुलांना रेडिएशन मुळीच लागलं नाही, आणि तीन वर्षांनी ९७.४ टक्के मुलं आजारमुक्त होती. या रचनेत डॉक्सोरुबिसिन ४० मिलिग्रॅम चार वेळा, एकूण १६० वर थांबतं. मर्यादाही सांगायला हवी: मुलं थोडी आणि तुलनेला दुसरा गट नाही. पण एका विषारी औषधाच्या जागी दुसरं बसवायचं आणि बाकीचा भारही उतरवायचा, ही दिशा आम्हाला योग्य वाटते.

ब्रेन्टक्सिमॅब मिळत नसेल तर मूल वाऱ्यावर पडलं असं मुळीच नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. युरोपात २००७ ते २०१३ दरम्यान दोन हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासात ब्रेन्टक्सिमॅब नव्हतंच. ओईपीएच्या दोन सायकल, मग पेट स्कॅन (जिवंत आजार चमकून दिसणारी तपासणी). प्रतिसाद पुरेसा असेल तर रेडिएशन शून्य. त्या गटातली सुमारे ९० टक्के मुलं पाच वर्षांनी आजारमुक्त होती. पुढच्या टप्प्यात प्रोकार्बाझीनच्या जागी डॅकार्बाझीन (हेच कॉपडॅक) घेतल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण किंचित वाढलं, पण प्रजननग्रंथींची हानी बरीच कमी झाली. नव्या औषधाविना, नुसत्या काटेकोर मोजमापानं इतकं साधता येतं.

देताना काय करायचं, कुठे चुकतं

औषध ५० मिलिग्रॅमच्या कुपीत पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतं. त्यात १०.५ मिलिलिटर निर्जंतुक पाणी कुपीच्या भिंतीवरून सोडायचं, थेट भुकटीवर नाही. कुपी हलकेच फिरवायची. जोरानं हलवली तर फेस होतो आणि प्रथिन बिघडतं. तयार द्रावणात दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असतं. ते सलाईनच्या पिशवीत किमान १०० मिलिलिटरमध्ये असं मिसळायचं की अंतिम तीव्रता दर मिलिलिटरला ०.४ ते १.८ मिलिग्रॅम राहील. लहान वजनाच्या मुलात इथे गणित चुकतं: १२ किलोच्या मुलाचा डोस २१.६ मिलिग्रॅम, तो १०० मिलिलिटरमध्ये घातला तर तीव्रता ०.२२ होते, म्हणजे खालच्या मर्यादेच्याही खाली. अशा वेळी पिशवीचं आकारमान कमी करावं लागतं, आणि ते रुग्णालयाच्या फार्मासिस्टशी बोलून आधीच ठरवलेलं असावं. ३० मिनिटांत शिरेतून द्यायचं, एकदम ढकलायचं कधीच नाही. वजन १०० किलोपेक्षा जास्त असलं तरी १८० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही.

मुलांमध्ये या मिश्रणासोबत पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफ पहिल्या सायकलपासूनच द्यायचं असतं. पेशी पडल्यावर बघू, असं थांबायचं नाही. केमो संपल्यावर साधारण २४ तासांनी ते सुरू होतं.

आता नसांचा त्रास. ब्रेन्टक्सिमॅबचं विष आणि विन्क्रिस्टीन दोन्ही एकाच यंत्रणेवर घाव घालतात, त्यामुळे दोन्ही एकत्र दिल्यावर हातापायांच्या नसा फार दुखावतील अशी भीती होती. चाचणीत दोन्ही गटांत तीव्र त्रासाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, कारण नव्या गटात विन्क्रिस्टीनचा एक डोस कमी केला होता. तरी त्रास होतो, आणि लहान मूल ‘मुंग्या येतात’ असं सांगत नाही. ते जिन्यावर कठडा धरू लागतं, चालताना पाऊल आपटतं, टाचेवर चालायला सांगितलं तर जमत नाही, बटण लावायला वेळ घेतं, जबडा दुखतो म्हणून जेवत नाही, बद्धकोष्ठता धरतं. दर सायकलच्या आधी मुलाला दहा पावलं टाचेवर चालायला लावा आणि गुडघ्याखालची हातोडीची प्रतिक्रिया पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. रोजच्या हालचालींत अडथळा येऊ लागला की डोस कमी करायचा किंवा पुढे ढकलायचा निर्णय डॉक्टरांनी लगेच घ्यावा. नस जितकी उशिरा वाचवायला जाल तितकी ती कमी सावरते.

इथे दोन सापळे आहेत. पहिला बुरशीविरोधी औषधांचा. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही औषधं यकृतातलं तेच विकर अडवतात जे विन्क्रिस्टीन आणि एमएमएई मोडतं. मग दोन्हींची पातळी चढते आणि काही दिवसांत मूल चालू शकत नाही, आतडं थांबतं. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाला बुरशीचा ताप आला की ही औषधं सहज लिहिली जातात. विन्क्रिस्टीनच्या आसपास शक्य तिथे दुसऱ्या वर्गातलं औषध निवडायला सांगा. दुसरा सापळा घराण्यातला. कुटुंबात कोणाची पावलं उंच कमानीची, पिंडऱ्या बारीक, चाल अडखळती असेल तर शार्को-मारी-टूथ हा वंशागत नसांचा आजार असू शकतो. अशा मुलाला विन्क्रिस्टीनचा एखादाच डोस पांगळं करू शकतो. आजी-आजोबांच्या पायांबद्दल विचारणं हा पहिल्या भेटीतलाच प्रश्न असायला हवा.

बाकी इशारे थोडक्यात. अचानक बोलणं अडखळणं, गोंधळणं, दृष्टी किंवा तोल बिघडणं ही मेंदूच्या दुर्मीळ विषाणुसंसर्गाची चिन्हं असू शकतात; या औषधाच्या माहितीपत्रकात सर्वांत वरचा इशारा त्याचाच आहे. पोटात तीव्र दुखणं, उलट्या: स्वादुपिंड तपासा. मोठ्या गाठी असतील तर पहिल्या डोसनंतर युरिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियमवर लक्ष.

पेट स्कॅन: रेडिएशनचा निर्णय इथे होतो

रेडिएशन टाळण्याचा सगळा डोलारा मधल्या पेट स्कॅनवर उभा असल्यानं इथली चूक महाग पडते. वाचन १ ते ५ अशा डोव्हिल गुणांनी होतं. छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीइतकी चमक २, तिच्यापेक्षा जास्त पण यकृताएवढी किंवा कमी ३, यकृतापेक्षा जास्त ४, खूपच जास्त किंवा नवी जागा ५. पुरेसा प्रतिसाद कुठवर धरायचा, हे प्रत्येक योजनेत आधीच लिहिलेलं असतं. उपचार एका योजनेचा आणि निकष दुसरीचा, असं करू नये.

मुलांमध्ये खोटी चमक देणाऱ्या गोष्टी तीन. थंडी वाजली की मान आणि खांद्याजवळची तपकिरी चरबी पेटते, नेमकी तिथेच जिथे हॉजकिनच्या गाठी असतात. उपाय साधा: स्कॅनच्या आधीपासून उबदार कपडे, गरम खोली, इंजेक्शननंतर पांघरूण. जी-सीएसएफनं हाडांचा मगज सगळीकडे उजळतो. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण दोन आठवडे गेले तर बरं, पण मधल्या स्कॅनला तेवढा वेळ नसतो, म्हणून तारीख पुढच्या सायकलच्या अगदी जवळ ठेवतात आणि वाचणाऱ्याला इंजेक्शनची तारीख कळवतात. तिसरी थायमस. केमो संपल्यावर काही महिन्यांत ही ग्रंथी पुन्हा फुगते आणि छातीच्या मधोमध उलट्या व्हीसारखी चमकते. आजार परतला असं वाटून मुलाची छाती उघडण्याआधी हा आकार ओळखणाऱ्या माणसाला स्कॅन दाखवा.

रेडिएशन लागलंच तर ते ३५ ग्रेचं जुनं नाही. ब्रेन्टक्सिमॅबच्या मोठ्या चाचणीत डोस २१ ग्रे होता, आणि तो संपूर्ण पट्ट्याला न देता आजार असलेल्या जागेपुरता. श्वास आत भरून धरायला लावला की फुप्फुस फुगतं, हृदय खाली सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. हे शांतपणे करू शकणाऱ्या वयाच्या मुलाला आधी दोन-तीन दिवस सराव द्यावा. छातीत खोलवर गाठ असेल तर प्रोटॉन किरणांनी स्तन आणि हृदयाचा डोस आणखी खाली येऊ शकतो. प्रत्येक मुलात तो येतोच असं नाही, म्हणून दोन्ही आराखडे शेजारी ठेवून हृदयाचा सरासरी डोस पाहायला मागा.

डॉक्सोरुबिसिन टाळता येत नसेल तर त्याची धार बोथट करणारं डेक्सराझॉक्सेन आहे. प्रमाण १० ला १: डॉक्सोरुबिसिन २५ मिलिग्रॅम असेल तर डेक्सराझॉक्सेन २५०. ते संपल्यापासून ३० मिनिटांच्या आत डॉक्सोरुबिसिन सुरू व्हायला हवं, नाहीतर संरक्षण मिळत नाही. वॉर्डात दुसरी बाटली यायला उशीर होतो आणि हे अंतर निसटतं. दोन्ही औषधं हाताशी आल्यावरच पहिलं लावावं. या औषधानं दुसरा कॅन्सर वाढतो अशी शंका एकेकाळी हॉजकिनच्याच चाचण्यांतून आली होती. नंतरच्या मोठ्या विश्लेषणांनी ती टिकली नाही, २०१७ मध्ये युरोपातही डॉक्सोरुबिसिनचा एकूण आकडा ३०० च्या वर जाईल अशा मुलांसाठी निर्बंध उठला, आणि २०२३ मधल्या अभ्यासात जवळपास वीस वर्षांनंतरही ते घेतलेल्यांचं हृदय जास्त चांगलं आकुंचन पावताना दिसलं.

तुलनेला काय आहे

ब्रेन्टक्सिमॅबला आता तगडा प्रतिस्पर्धी आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ वर्षांवरच्या, टप्पा ३ आणि ४ च्या रुग्णांमध्ये एव्हीडीसोबत (म्हणजे ब्लिओमायसिन वगळलेल्या एबीव्हीडीसोबत) एकीकडे ब्रेन्टक्सिमॅब, दुसरीकडे निव्होलुमॅब दिलं. दोन वर्षांनी आजार न वाढता राहिलेले ९२ टक्के निव्होलुमॅबच्या बाजूला, ८३ ब्रेन्टक्सिमॅबच्या. नसांचा त्रास निव्होलुमॅबकडे स्पष्टपणे कमी. रेडिएशन एकूण रुग्णांपैकी एक टक्क्याहूनही कमी जणांना लागलं, आणि सायक्लोफॉस्फमाइड, एटोपोसाइड, दीर्घ स्टिरॉइड यातलं काहीच नाही. किशोरवयीन मुलांमध्ये स्टिरॉइडनं खुब्याचं हाड झिजण्याचा धोका मोठा असतो, त्यामुळे ही गोष्ट लहान नाही.

पण सहा सायकल एव्हीडी म्हणजे डॉक्सोरुबिसिन ३००. प्रजननक्षमता आणि रेडिएशनच्या बाजूनं जिंकलेला हा उपचार हृदयाच्या बाजूनं ओईपीएच्या जवळपास दुप्पट भार टाकतो. निव्होलुमॅब प्रतिकारशक्तीचे ब्रेक काढतं, त्यामुळे थायरॉइड मंदावणं वाढतं, क्वचित यकृत, आतडं किंवा स्वादुपिंडावर शरीर स्वतःच हल्ला करतं. थायरॉइडची गोळी आयुष्यभर घेता येते. इन्सुलिनवर अवलंबून राहणं जास्त जड. आणि १२ वर्षांखालच्या मुलांना त्या चाचणीत जागाच नव्हती. आठ वर्षांच्या मुलाबद्दल तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

हॉजकिनबाहेर एक शेजारी उल्लेखनीय आहे. बर्किट आणि तशाच वेगानं वाढणाऱ्या बी-पेशींच्या लिम्फोमात रिटक्सिमॅबचे ६ डोस जोडल्यावर तीन वर्षांचा आजारमुक्त आकडा ८२.३ वरून ९३.९ टक्क्यांवर गेला. तिथली केमो मात्र कमी झाली नाही, आणि काही मुलांची प्रतिपिंडं वर्षभरानंतरही कमीच राहिली. देण्याआधी हिपॅटायटिस बी तपासणं चुकवू नये. ब्रेन्टक्सिमॅबचा मुलांमधला आणखी एक उपयोग अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमात आहे, तिथेही सीडी३० असतंच. त्या चाचणीत उपचार चालू असताना फक्त एकाच मुलाचा आजार उलटला.

सुरू करण्याआधी आणि संपल्यावर

वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू पहिल्या केमोच्या आधी साठवायचे. एक डोस गेल्यावर साठवलेल्या नमुन्याची खात्री देता येत नाही. श्वास अडत असेल तर वेळ नसतो, एरवी दोन-तीन दिवस बहुतेक वेळा मिळतात. मुलगा संकोचतो, आईवडील विषय टाळतात, आणि वेळ निघून जाते. हे बोलणं डॉक्टरांनी मुलाशी एकट्यानं, स्पष्ट शब्दांत करावं. मुलींमध्ये ६,००० च्या सायक्लोफॉस्फमाइडनं अंडी संपतातच असं नाही, पण साठा घटतो, म्हणून आधी एएमएच (अंड्यांचा साठा दाखवणारं संप्रेरक) मोजून ठेवावं आणि जास्त जोखमीच्या उपचारात अंडाशयाची ऊती गोठवून ठेवण्याबद्दल विचारावं.

उपचार संपल्यावर रुग्णालयाकडून लेखी सारांश घ्या. ‘केमो ५ सायकल, रेडिएशन दिलं’ एवढ्यानं काम भागत नाही. डॉक्सोरुबिसिन एकूण किती, सायक्लोफॉस्फमाइड एकूण किती, डेक्सराझॉक्सेन दिलं का, ब्लिओमायसिन दिलं का, रेडिएशन किती ग्रे, कुठल्या जागेवर, हृदयाला सरासरी किती पोचलं, हे आकडे हवेत. पुढचं वेळापत्रक त्यांवरच ठरतं. डॉक्सोरुबिसिन २५० किंवा जास्त असेल, अथवा १०० किंवा त्यावर असून जोडीला छातीवर १५ ग्रे किंवा जास्त गेले असतील, तर हृदयाची इको दर २ वर्षांनी. नुसतं १६० आणि छातीवर काहीच नाही, तर दर ५ वर्षांनी पुरते. मानेवर रेडिएशन झालं असेल किंवा निव्होलुमॅब दिलं असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दरवर्षी. मुलीच्या छातीवर १० ग्रे किंवा त्याहून जास्त गेले असतील तर २५ व्या वर्षापासून, किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून स्तनांची एमआरआय आणि मॅमोग्राफी दरवर्षी सुरू करायची असते. त्या वेळी ती दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांकडे असेल, आणि तिच्याजवळ हा कागद असायला हवा.